तीन शिट्ट्यांचा फोटो

त्यायच्याबद्दल सांगा म्हणता, तं सांगते. पण बसून सांगीन, मधात उठणार नाई. डॉक्टरनं वजन उचलाले मना केलं, वाकाले मना केलं, म्हणून आज मी तुम्हाले एका जागी सापडली. नाई तं तुमच्यासमोर चहा ठेवून मी कधीचीच नळावर गेली असती.

माह्या मिस्टरचं नाव खुशाल निकोडे. घ्या, आज घेतलं नाव. आमच्यात घेत नाई, पण तुम्हाले लिहायचं आहे तं काय करता. मी त्यायले मयुरीचे बाबा म्हणते. मयुरी आमची एकुलती एक पोरगी, लग्न होऊन ऊर्जानगरले असते, जावई पॉवर स्टेशनात आहे. तिच्याच नावानं अहेरीत बाजाराच्या रस्त्यावर आमचा फोटो स्टुडिओ आहे. तुम्ही येताना पाह्यला असंल, पाटीवरचा 'म' उडाला आहे.

एक जमाना होता, स्टुडिओत बसाले जागा नसे. लग्नवाले, शाळेचे ग्रुप फोटो, बाजाराच्या दिवशी जंगलातल्या गावांतून आलेले नवे जोडपे. आरशासमोर केस विंचरू विंचरू कंगवे मोडत लोक. मग मोबाईल आला अन् सगळं बसलं. आता काय, झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, अन् मेलेल्या माणसायचे फोटो. हसू नका. खरं सांगते. कोणी गेलं की पोरगा आधार कार्ड घेऊन दुकानात येते, म्हणते, "खुशालभाऊ, तेरवी आहे, मोठा करून द्या." अन् आधार कार्डात माणूस कसा दिसते तुम्हाले माहीत आहे, जसा पोलिसानं पकडून आणला. तेच थोबाड हे मोठं करतात, मागं निळा रंग भरतात, अन् ते जन्मभर भिंतीवर हार घालून बसते.

माह्या मायचं तं आधार कार्डबी नव्हतं. एका लग्नाच्या ग्रुप फोटोत मागच्या रांगेत होती, हातात वाढाची बादली. चेहरा लाखोळीच्या दाण्याएवढा. यायनं तो मोठा केला. मोठा केला तसा तो फाटत गेला. माह्या भावाच्या घरी भिंतीवर आहे तो फोटो, मी पाहत नाई त्याच्याकडे. माय नाई ते, धुकं आहे नुसतं.

तवापासून माह्या डोक्यात बसलं. मयुरीच्या बाबाले म्हटलं, "माह्या एक फोटो काढून ठेवा चांगला. फोटोग्राफरची बायको आहो मी. मले आधार कार्डाच्या तोंडानं भिंतीवर चढायचं नाई."

"काढीन ना," म्हणे, "तू काय पळून चालली का?"

हे दर साली चाललं. मोबाईलनं काढते म्हणाली मयुरी, तं मीच नाई म्हटलं. मोबाईल कोणीबी काढते. मले यायच्या हातचा पाह्यजे होता. हट्ट म्हणा पाह्यजे तं.

आता ते डब्याचं. एका उन्हाळ्यात लाईन गेली होती अन् हे धानाच्या खोलीत पडले होते, तिथी अंधार अन् गारवा. मी बाहेर भांडे घासून राह्यली होती. एकदम आतून ओरडले, "अवं मयुरीची माय! लवकर ये!" मले वाटलं साप निघाला, काठी घेऊन धावली. तं हे भिंतीकडे बोट दाखवून राह्यले. दाराच्या टिनाले खिळ्याचं एक भोक होतं. त्या भोकातून उजेड येऊन समोरच्या भिंतीवर आमचा रस्ता पडला होता. उलटा. पाय वर, डोक्स खाली, असा एक सायकलवाला भिंतीवरून गेला. मग शेजारच्या इतवारीबाईची बकरी गेली, तीबी उलटी.

"काच नाई, कॅमेरा नाई, नुसतं भोक!" हे म्हणे. लेकरावानी तोंड झालं होतं.

मी म्हटलं, "पागल झाले तुम्ही," अन् परत भांड्याकडे गेली. भांडे तसेच पडले होते ना.

तिथून डबे सुरू झाले. स्टुडिओत जुन्या काळचा फोटोचा कागद पडून होता, अंधारात धुवायचा असते तो. चहापत्तीचा डबा घ्यायचा, आतून काळा करायचा, पत्र्याच्या तुकड्याले सुईनं भोक पाडून तो डब्याले चिकटवायचा, भोकावर काळी टेप. कागद आत. टेप काढली की फोटो सुरू, लावली की बंद. माह्या स्वयंपाकघरातला एकबी डबा राह्यला नाई. एकदा मी हळद भराले डबा उघडला तं हे असे ओरडले जसं मी कोणाचा गळा दाबला. आत कागद होता म्हणे, उजेड लागला, मेला. मी म्हटलं, "माह्यी हळद कोणाच्या बोडक्यावर ठेवू?" दोन दिवस बोलणं बंद. अन् न्हाणीघराले लाल बल्ब. माणसानं आंघोळ कवा करायची? आतून कडी, दाराले पाटी, 'उघडू नये'. फोटो धुवायच्या त्या हायपोचा वास तं माह्या लुगड्याले अजून येते.

पह्यले फोटो सगळे फसले. काळे तरी, नाई तं पांढरे. कारण टेप किती वेळ काढून ठेवायची ते समजत नव्हतं. घड्याळ पाहायचं तं हे मधातच गिऱ्हाईकाशी बोलत बसत, विसरून जात. मग एक दिवस कुकरची शिट्टी ऐकली यायनं. तिसऱ्या शिट्टीले टेप लावली, अन् फोटो आला. बस! तोच हिशोब पक्का झाला. माह्या कुकर चढला की यायनं टेप काढायची, तीन शिट्ट्या झाल्या की लावायची. सकाळचा भात, एक फोटो. ऊन कडक असलं तं दोनच शिट्ट्या. उजेड अंधार पाहून मले विचारत, "आज वरण केव्हा टाकते?" लोकायच्या नवऱ्याले भुकेनं वरण आठवते.

अन् फोटो यायले लागले, तेबी खरं. डबा गोल म्हणून आमचं घर वाकडं येई, भिंती अशा मिठीत घेतल्यावानी. ओसरी, चूल, दोरीवरचे लुगडे, तुळस. आलापल्लीकडे जाऊन सागाचे झाडं काढले. तिथी कुकर नव्हता तं मले फोन लावून ठेवत कानाले, अन् मी इकडे भात शिजवून राह्यली! देवाशपथ. बाजाराचा फोटो काढला, तं दुकानायचे पाल आले, टोपल्या आल्या, मिरचीचे ढीग आले, माणूस एकबी नाई. भरला बाजार हो, पाय ठेवाले जागा नव्हती. मी विचारलं, "लोक कुठी गेले?"

"ते हलतात ना," म्हणे. "हा डबा दमानं पाहते. जे हललं ते त्याच्या कागदावर टिकत नाई. जो थांबला तोच येते." अन् बोटानं दाखवलं. एका कोपऱ्यात भाजीवाला बिरजूभाऊ, वांग्याच्या ढिगाले टेकून झोपलेला. तेवढा एक आला होता, सही सही.

तिथून यायले ते वेड लागलं. माणसं असलेल्या जागा काढायच्या, अन् त्या रिकाम्या दिसायच्या. बसस्टॉप, पिठाची चक्की, आमचं घर. सगळ्यात जास्त आमचं घर. हीच माह्यी स्टाईल, असं फोनवर मयुरीले सांगताना मी ऐकलं. चांगलं वाटलं मले. एवढे साल आधार कार्ड फुगवणाऱ्या माणसाले स्वतःचं काही सापडलं, तं बायकोले चांगलं वाटणार नाई का?

पण त्याच साली माह्यं अंगावरून जाणं वाढलं. महिन्याचे दिवस संपतच नव्हते. पायऱ्या चढली की दम लागे, डोळ्यापुढं अंधारी. रक्त कमी आहे म्हणे डॉक्टर, गोळ्या खा. गोळ्या खाल्ल्या. भांडे, कपडे, नळ, धान वाळू घालणं, दुकानात झेरॉक्सवर बसणं, ते गोळ्यांनी थोडंच कमी होते. थकली होती मी बाप्पा. झोपून उठली तरी थकलेलीच. सांगायचं कोणाले? हे तं डब्यासमोर श्वास रोखून उभे.

मयुरीनं चंद्रपूरले कोणाले तरी फोटो दाखवले, अन् मागच्या दिवाळीनंतर तिथी यायच्या फोटोचं प्रदर्शन लागलं. मी नवं पातळ नेसून गेली. मोठा हॉल, पांढऱ्या भिंती, अन् भिंतीवर माह्यं घर. माह्या ओटा, माह्यी चूल, माह्या आंगणातली दोरी. लोक हळूहळू बोलून राह्यले होते, दवाखान्यात बोलतात तसे. एक बाई, चांगली शिकलेली, चष्मेवाली, स्वयंपाकघराच्या फोटोपुढं उभी. मी बाजूले जाऊन उभी राह्यली. ती माह्याकडे पाहून म्हणाली, "किती शांतता आहे हो! असं वाटतं, या घरात वर्षानुवर्षं कोणी राहतच नाही."

माह्या मस्तकात तिडीक गेली. मी म्हटलं, "मी राहते."

ती बिचारी गडबडली. मी तिथून हटली अन् सगळे फोटो पाहत गेली. एकेक. ओसरीचा फोटो, त्या दिवशी मी तिथी तांदूळ निवडत होती, मग उठली, मग कोंबड्या हाकलल्या. नाई मी. चुलीचा फोटो, चूल पेटलेली, भाताचा गंज चढलेला, झाकणाची वाफबी थोडी दिसे. नाई मी. आंगणाचा फोटो, दोरीवर ओले कपडे. कपडे काय आपोआप दोरीवर चढले? एका फोटोत ओट्याजवळ जरासा धूसर डाग होता. तोच मी असेन. मायचा फोटो आठवला मले. तिले निदान बादली तं होती हातात.

परतीच्या बसमध्ये हे खुश होते, कोणी काय म्हटलं ते सांगून राह्यले होते. आलापल्ली आलं तवा मी म्हटलं, "डॉक्टर म्हणते पिशवी काढा लागते. पुढच्या महिन्यात चंद्रपूरले बोलावलं."

हे म्हणे, "सांगितलं नाई काऊन?"

"तुमचा कागद उघडा होता," मी म्हटलं.

लहान ऑपरेशन आहे, सगळ्या बायकायचं होते, मले माहीत होतं. पण भीती वाटतच होती. आतल्या आत वाटे की तिकडेच काही झालं तं मयुरी कार्ड घेऊन दुकानात येईन, अन् हे मागं निळा रंग भरतील. म्हणून साफ सांगितलं, "जायच्या आधी माह्या फोटो पाह्यजे. डब्यातला. या घरातला. मी दिसली पाह्यजे त्याच्यात."

"तं बस ना एका जागी!" म्हणे. "मी काय करू? तू बसतच नाईस. तीन शिट्ट्या बस."

"मी बसली तं शिट्ट्या कोण वाजवते?"

तरी बसली. पह्यल्या दिवशी दूध उतू गेलं, उठली. फोटोत खुर्ची आली, रिकामी. दुसऱ्या खेपेले इतवारीबाईच्या कोंबड्या वाळत्या धानात शिरल्या, उठली. खुर्चीवर नुसती वाफ आल्यावानी काहीतरी. तिसऱ्या खेपेले नळ आला. यायनं पाकिटात पाह्यलं अन् म्हणे, "एकच कागद राह्यला. हा कागद आता मिळत नाई, बनतच नाई."

मी म्हटलं, "राहू द्या मग. ठेवा आलापल्लीच्या झाडाले." अन् रडली. का खोटं सांगू, भल्ली रडली. ओट्याजवळ उभी राहूनच रडली, कारण हातात पीठ होतं.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मी उठाच्या आधी यायनं खुर्ची ओसरीत ठेवली. डबा समोर, विटेवर. म्हणे, "आज तू बस. सगळं मी करतो. भातबी मी टाकतो. घर जळलं तरी उठायचं नाई."

"तुम्हाले जमणार नाई."

"तुह्या बापानं पाह्यलं का? बस."

बसली. टेप काढली यायनं अन् आत गेले. तुम्हाले सांगते बाई, बसणं एवढं कठीण असते मले माहीत नव्हतं. आत भांडं पडलं, माह्या पाय हलला. दाबून धरला. दुधाचा वास आला. नळाचं पाणी बादलीवरून वाहून राह्यलं होतं, मले ऐकू येत होतं अन् माह्या हात आपोआप उठून राह्यला होता, त्याले दुसऱ्या हातानं धरला. हे माह्यासमोरून बादली घेऊन गेले, झाडू घेऊन आले, कोंबड्यांमागं धावले, धान हलवलं, कपडे वाळू घातले. जाताना म्हणत, "झालंच, शिट्टी होऊ दे." मी शिट्टीची वाट पाहून राह्यली. एकबी नाई झाली. कशानं काय, हळूहळू पाय ढिले पडले. मग खांदे. ऊन पायावर आलं होतं. कोणीतरी काम करून राह्यलं अन् मी नाई, एवढंच डोक्यात होतं, अन् डोळा लागला.

जाग आली ती जळक्या वासानं. हे कुकरजवळ उभे, हातात कुकरची शिट्टी.

"लावलीच नव्हती," म्हणे. तोंड पाहासारखं झालं होतं. "मी वाट पाहून राह्यलो, पाहून राह्यलो..."

भाताचा कोळसा झाला होता. अन् डबा तसाच, भोक उघडं. धावत जाऊन टेप लावली. तीन शिट्ट्यांच्या जागी किती झाल्या असत्या देवाले माहीत. हे खालीच बसले. "गेला," म्हणे. "शेवटला होता. जळून काळा झाला असंल."

"धुऊन तं पाहा," मी म्हटलं.

न्हाणीघरात गेले. मी बाहेर कुकर घासाले घेतला, मग ठेवून दिला, बसून राह्यली. बऱ्याच वेळानं ओला कागद घेऊन आले, दुकानात नेला, कॉम्प्युटरवर काळ्याचं पांढरं अन् पांढऱ्याचं काळं केलं, अन् कागदावर छापून घेऊन आले. माह्या हातात दिला.

उजेडात होतं ते सगळं उडालं होतं. आंगण गेलं, दोरी गेली, भिंत चुना ओतल्यावानी पांढरी. ओसरीच्या सावलीत फक्त खुर्ची होती, अन् खुर्चीत मी. मान जराशी कलती, तोंड उघडं, हात मांडीवर. पायाच्या भेगाबी दिसत होत्या. झोपली होती म्हणून हलली नाई. इतकी थकलेली बाई मी कधी पाह्यली नव्हती, अन् ती मीच होती. मले हसू आलं. मग आलं नाई.

हे माह्या खांद्यावरून पाहून राह्यले. मग फोटो हातात घेतला, खिडकीजवळ नेला. बोट फिरवू फिरवू शोधून राह्यले.

"मी कुठी आहो?" म्हणे. "याच्यासमोरून तं किती वेळा गेलो मी. बादली घेऊन, झाडू घेऊन. धावलोबी. कुठीच नाई मी."

"हाव," मी म्हटलं. "काम करून राह्यले होते ना तुम्ही."

यायनं फोटो खाली ठेवला. बाहेर गेले. मले वाटलं दुकानात गेले. तं प्रदर्शनातून परत आलेले सगळे फोटो घेऊन आले अन् माह्यासमोर खाली मांडून बसले. पह्यला उचलला, स्वयंपाकघराचा, तोच, शांततेवाला.

"याच्यात कुठी होतीस?"

मी बोट ठेवलं. "इथी. मग इथी. मग पाण्याले गेली, मग परत इथी."

दुसरा उचलला. "इथी?"

"चुलीजवळ. फुंकून राह्यली होती."

एकेक करत सगळे विचारले. मी एकेक करत दाखवलं. आंगण, ओसरी, दोरी, धानाची खोली. शेवटच्या फोटोवरून मी बोट उचललं तवा हे उठले, जळका कुकर घासाले घेतला, चांगला घासला, अन् तांदूळ धुतले.

"शिट्टी लावली का?" मी बसल्या जागेवरून विचारलं.

"लावली," म्हणे.